मोटेच्या बैलांनी काढलेली गिअरपेटी

माझ्या गाडीला मालमोटार म्हणणं म्हणजे तिच्यावर उपकार करणं होतं. मुळात ती पुण्यातल्या कुणा हौशी माणसाची चार जणांची बसायची गाडी. तिची मागची बैठक कापून मी तिथं आंब्याच्या फळ्यांचा हौदा ठोकला होता. पुढून पाहिलं तर साहेबाची मोटार, मागून पाहिलं तर बैलगाडी. लढाई नुकतीच संपली होती, नव्या गाड्या कुणाला मिळत नव्हत्या आणि वरवे बुद्रुकात मोटार असलेला मी एकटाच होतो. त्यामुळे माझा रुबाब काय असेल ते वेगळं सांगायला नको. पुण्याच्या एका कारखान्यात तीन वर्षं मिस्त्रीच्या हाताखाली काढल्यामुळे मोटारीतलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. त्या समजुतीचं पुढे काय झालं ते सांगायलाच बसलो आहे.

नसरापूरच्या बाजारात एकदा मी कांद्याची पोती उतरवत होतो. गाडी चालूच ठेवली होती, कारण बंद केली की पुन्हा चालू होईल याची खात्री नसायची. शेजारी अंड्यांची पाटी घेऊन बसलेली एक मुलगी उठली, पदर नाकाला लावून माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "धूर तिकडं सोडा की. हितं माणसं बसल्याती." मला कारखान्यातल्या मिस्त्रीनं शिव्या दिल्या होत्या, पोलिसानं दिल्या होत्या, सख्ख्या भावानंही दिल्या होत्या, पण इतक्या चांगल्या आवाजात मला कुणी हाकललं नव्हतं. मी गाडी मुकाट्यानं पलीकडे नेली. मग काही ना काही निमित्त काढून तीनदा त्या पाटीसमोरून गेलो आणि घरी कुणी अंडी खात नसताना दोन डझन अंडी घेऊन आलो. आईनं अंड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या भावाला निरोप धाडला.

मामानं आठ दिवसांत सगळी माहिती काढली. मुलगी मार्गासनीची. आई लहानपणीच गेलेली, घर तीच चालवते, म्हणून लग्न लांबलेलं. एकोणीस पुरी झालेली. बाप एकटा, बागायतदार, बैलांवर फार जीव. आणि बापानं एक अट घातली होती. आधीच्या एका स्थळानं पिठाची गिरणी आहे म्हणून सांगितलं होतं आणि ती निघाली दुसऱ्याचीच. त्यामुळे म्हातारा मामाला म्हणाला होता, "मोटार हाय म्हणताय न्हवं? मग ती आपल्या पायानं माझ्या दारात यीऊ द्या. दिवस मावळायच्या आत आली तर पुढचं बोलू. न्हाई आली तर च्या घिऊन जावा. दुसऱ्या दिवशी कामथडीचं पाव्हणं यायचं हायती." कामथडीच्या त्या स्थळाकडे दोन विहिरी आणि बैलांच्या तीन जोड्या होत्या. माझ्याकडे होती ती गाडी. ती संध्याकाळपर्यंत त्या दारात पोचली नाही तर ती मुलगी कामथडीला जाणार, इतका सरळ मामला होता.

आता इथे गिअरपेटीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. इंजिनाच्या मागे चालकाच्या पायाशी ती असते; दांडा हलवला की तिच्यातली दातेरी चाकं एकमेकांत अडकतात आणि गाडी कमीजास्त वेगानं चालते. माझी पेटी पहिल्या दिवसापासून कण्हायची. आमच्याकडे दसऱ्याला नांगर, कोयता, कुऱ्हाड असं सगळं लोखंड पूजतात, तशी मोटारही पूजली जायची. पण आईचं मत असं, की जे कण्हतं त्याच्यात काहीतरी आहे. ती माझ्या पायाखालची फळी उचलायची आणि पेटी जिथं इंजिनाला जोडते त्या गोल फुगवट्यावर तेलात कालवलेला शेंदूर फासायची. तो फुगवटा दिसायचाही अगदी गावाबाहेरच्या देवाच्या तांदळ्यासारखा, फक्त डोळे बसवायचे राहिले होते. दसऱ्याला, पाडव्याला, शिवाय मी लांब निघालो की प्रत्येक खेपेला एक हात. चारपाच वर्षांत तिथं शेंदराचा बोटभर जाड थर चढला. मीही नमस्कार करूनच गाडीत बसायचो. उगाच खोटं कशाला सांगू, मला त्याचा आधार वाटायचा.

मुलगी बघायला जायच्या दिवशी सकाळी आईनं एक हात जास्तच फासला. मी धुतलेला सदरा घातला, मामानं नवा कोरा फेटा आणि खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं. आम्ही दोघं असे निघालो की वाटेत भेटेल त्याला मामा हात करून थांबवायचा आणि कुठे चाललोय ते आपण होऊन सांगायचा. मार्गासनीच्या अलीकडे चढ आहे. तो चढून झाला, मुलीचं घर दिसलं, घरापुढचं शेवग्याचं झाड दिसलं, आणि मी ऐटीत दांडा पुढे सारला. पेटीतून कडाड आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बसली. घर दोन शेतं लांब होतं. दांडा हलेना, चाकं हलेनात. ढकलून पाहिली तर मागची चाकं फरफटत घासली, फिरली नाहीत.

मी पेटीचं झाकण उघडून आत पाहिलं. एका चाकाचा दात तुटून खाली दोन चाकांच्या बेचक्यात पडला होता आणि त्यानं सगळं घट्ट धरून ठेवलं होतं. बोट पोचत नव्हतं, तार पोचत नव्हती. अख्खी पेटी काढून उलटी करून झटकल्याशिवाय इलाज नव्हता. मामा म्हणाला, "सोप्पं हाय का?" मी म्हणालो, "तासाभराचं काम." ही पेटी मी आयुष्यात एकदाही काढली नव्हती, पण ते मामाला सांगायची ती वेळ नव्हती.

धुतलेल्या सदऱ्यासकट मी गाडीखाली शिरलो. मागच्या चाकांकडे जाणारा दांडा सोडवला, पेटीखाली दगड रचून वर कडब्याची पेंढी ठेवली, म्हणजे ती पडली तरी अलगद बसावी. मग बोल्ट काढायला लागलो. डावीकडचे चार, उजवीकडचे चार. चार आणि चार आठ, हिशेब कसा छान जुळला. मी खालूनच आरोळी दिली, "वढा मामा." मामानं फेटा सांभाळत ओढलं. मग फेटा काढून ओढलं. मग मी आणि मामा दोघांनी मिळून ओढलं. पेटी ढिम्म. शेतातले चौघे धावून आले, त्यांनी ओढलं. त्यांतला एक म्हणाला, हिनं मूळ धरलंय.

एवढ्यात विहिरीवरची मोट थांबली. ज्याची मोट होती तो म्हातारा कमरेवर हात ठेवून बांधावर येऊन उभा राहिला. मामाच्या चेहऱ्यावरून मी ओळखलं की हेच ते. म्हाताऱ्यानं गाडीकडे पाहिलं, तिच्याखालून बाहेर आलेल्या माझ्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्योच का मुलगा?" मामा म्हणाला, "हां, हां, त्योच. जरा पेटी काडतोय." म्हातारा म्हणाला, "काडू द्या. दिवस लई हाय अजून." आणि खाली उकिडवा बसून तंबाखू मळायला लागला.

त्याला इतका आनंद झाला होता की तो लपवायचंसुद्धा त्याच्या मनात नव्हतं. अर्धा तास त्यानं आमची ओढाओढ पाहिली. मग तंबाखू थुंकून म्हणाला, "पाव्हणं, तुमच्या मोटारीला शेवटी आमचंच बैल लागायचं म्हना की." मला राग आला. खरं म्हणजे भयंकर राग आला, पण गाडीखाली उताणं पडलेल्या माणसानं रागवून करायचं काय? मी म्हणालो, "आणा आबा."

म्हाताऱ्यानं मोटेचे दोन बैल आणि मोट ओढायचा जाडजूड नाडा आणला. नाड्याचं एक टोक पेटीला, दुसरं बैलांच्या जुवाला. आता ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटेचे बैल विहिरीपासून उताराला ठरावीक पावलं पुढे जातात, पाण्यानं भरलेली मोट वर येते, ओतली जाते, आणि मग बैल तेवढीच पावलं मागे मागे चालत विहिरीशी येतात. मोट हाकणारा उताराला जाताना त्या ताणलेल्या नाड्यावर बसतो आणि गाणं म्हणतो. आयुष्यभर हे केलेल्या बैलांना दुसरं काही कळत नाही, आणि गाणं म्हटल्याशिवाय ते पाऊल उचलत नाहीत.

म्हातारा नाड्यावर बसला आणि त्यानं तान घेतली. बैल निघाले. नाडा ताणला, पेटी कुरकुरली, आणि पेटी निघायच्या ऐवजी अख्खी गाडी बैलांमागून उलटी चालायला लागली. मागचा दांडा मीच सोडवला होता, त्यामुळे चाकं आता मोकळी होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी गाडीखाली पडलो होतो. माझ्या नाकावरून एकेक करत सगळी गाडी निघून गेली आणि वर निळंभोर आभाळ दिसायला लागलं. बारा पावलं झाली. बैल थांबले, मोट रिकामी झाली असं समजून मागे मागे यायला लागले आणि गाडीच्या हौद्याला पाठीमागून टेकून तिला ढकलत पुन्हा माझ्या अंगावर आणली. मी तसाच पडून राहिलो. पुन्हा गाणं, पुन्हा आभाळ, पुन्हा गाडी. तिसऱ्या खेपेला मला हसू आवरेना. मामा ओरडत होता, शेतातले चौघे बांधावर लोळत होते, आणि म्हातारा गाणं सोडायला तयार नव्हता, कारण मधेच गाणं सोडलं तर बैल बावचळतात, असं त्याचं म्हणणं.

शेवटी चाकांना दगडांच्या उट्या लावल्या. आता गाडी हलणार नव्हती. म्हातारा नाड्यावर, त्याच्या मागे मामा, मामाच्या मागे शेतातले दोघे, असे चार जण बसले. बैलांनी जोर केला तशी गाडी मागून जमिनीला दबली आणि पुढची चाकं वीतभर उचलली गेली. पेटी मात्र जिथं होती तिथंच. सूर्य डोंगराकडे कलला होता. माझं हसू तेव्हा थांबलं. दोन शेतांवर तो शेवगा दिसत होता, आणि उद्या कामथडीची माणसं त्याच्याखाली बैल सोडणार हेही मला दिसत होतं.

ती तेव्हा ताक घेऊन आली. मोठी कळशी, त्यावर पेला. मला ओळखलं असावं, कारण माझं काळं झालेलं तोंड पाहून ती हसली नाही, फक्त ओठ दाबून धरले. सगळ्यांना ताक देऊन झाल्यावर ती परत जाईल असं वाटलं होतं. ती गाडीला एक फेरी मारून आली, आत डोकावली आणि सरळ चढून चालकाच्या जागेवर बसली. अशा मुलीनं अशा वेळी घरात असायला हवं होतं, पाटावर मान खाली घालून. मामानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा म्हणाला, "बसू द्या. ऐकती कुठं कुनाचं."

उघड्या फळीतून ती खाली पाहत होती. माझा चेहरा तिच्या पायांच्या बरोबर खाली, मधे पेटी. ती माझ्याशी कशी बोलणार? ती बापाशी बोलली. "आबा, शेंदराला चीर पडलीया. आन् चिरंच्या मधी काय तरी टोचतंय. सहा कोन हायती."

सहा कोन. म्हणजे बोल्टचं डोकं. बैलांच्या ओढीनं तो शेंदराचा थर तडकला होता आणि आत, चारपाच वर्षांच्या पूजेखाली, नववा बोल्ट होता. अगदी माथ्यावर. तो सात माणसांना आणि दोन बैलांना एकटा पुरून उरला होता. पुण्याच्या कारखान्यातला मी मिस्त्री, चार आणि चार आठ मोजून मोकळा झालो होतो.

मी खुरपं मागितलं. मामानं माझा हात धरला. "शेंदूर खरवडायचा? लेका, भनीनं माज्या चार वर्सं हात फिरवलाय त्येच्यावर. आता ते लोखंड न्हाई ऱ्हायलं." शेतातले चौघेही मागे सरकले. माझी स्वतःची हिंमत होत नव्हती, हे मी कबूल करतो. सकाळीच नमस्कार करून निघालो होतो, आता त्याच्यावर खुरपं कसं चालवू? म्हाताऱ्यानं तोड काढली. "कौल लावा. दिला तर काडा."

आमच्या भागात देवाला काही विचारायचं असलं तर कौल लावतात. ओल्या तांदळाचे दोन दाणे देवाच्या उजव्या नि डाव्या अंगाला चिकटवायचे. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. दाणे आले. मामानं हात धुऊन ते शेंदरावर चिकटवले आणि गाऱ्हाणं घातलं की, बाबा, तू गिअरपेटी असशील नाहीतर आणखी कुणी असशील, पोराचं लग्न अडलंय, वाट दे. मग सगळे जण गाडीभोवती हात जोडून उभे राहिले. मी खाली उताणा पडून हात जोडले. दाणे हलेनात. ऊन हौद्यावरून उतरून चाकांवर आलं. डावा दाणा जरा सरकल्यासारखा वाटला.

त्या क्षणी तिनं क्लचवर पाय दिला. मला खालून स्पष्ट दिसलं. अनवाणी पाय, जोडवी नसलेली बोटं, आणि तिनं तो असा दाबला की आतला काटा हलून सगळा फुगवटा थरथरला. उजवा दाणा टपकन माझ्या कपाळावर पडला.

मामानं डोळे मिटले होते. त्यानं ते उघडले आणि म्हणाला, "दिला." म्हातारा म्हणाला, "दिला की." मी वर पाहिलं तर ती शेवग्याकडे बघत बसली होती, पाय पदराखाली घेऊन. मला त्या दिवशी प्रथम कळलं की ही मुलगी कामथडीला जायला तयार नाही. आनंदानं माझं डोकं तिथंच भरकटलं. हातातलं खुरपं उलटं धरून मी काही वेळ मुठीनंच शेंदूर खरवडत होतो.

शेंदराच्या खपल्या मामानं आपल्या पांढऱ्या उपरण्यात झेलल्या, एकही जमिनीवर पडू दिली नाही. बोल्ट उघडा पडला. मी वर आलो, पाना लावला. तिनं बैठकीवर बाजूला सरकून मला जागा दिली. बोल्ट निघाला. खाली म्हाताऱ्यानं पुन्हा मामासकट तिघांना घेऊन नाड्यावर बैठक मारली आणि गाण्याचा पहिला शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच पेटी सुटली. बैलांना अचानक वजनच उरलं नाही. ते बारा पावलं पळालेच, मागून पेटी कडब्यासकट उड्या मारत गेली, आणि नाड्यावरचे चौघे एकावर एक धुळीत पडले. म्हातारा सगळ्यांत खाली होता. त्याला ओढून काढला तेव्हा तो इतका हसत होता की त्याला उभं राहता येईना. बैल मात्र नेमानं मागे मागे चालत जागेवर आले आणि पुढच्या गाण्याची वाट पाहत उभे राहिले.

पेटी उलटी करून झटकली. तुटका दात टण्णकन दगडावर पडला. म्हाताऱ्यानं तो उचलून उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "एवढुशा दातानं केलं व्हय एवढं."

पण काढलेली पेटी परत बसवणं हे काढण्याहून अवघड. तिचा पुढचा दांडा क्लचच्या बारीक खाचांत अचूक शिरावा लागतो. आम्ही सहा जणांनी ती उचलून धरली, डावीकडे, उजवीकडे, जरा वर, जरा खाली. शिरेना. म्हातारा आता स्वतः गाडीखाली पालथा पडला होता आणि मला सूचना देत होता. पुन्हा लावली. पुन्हा. मग मी मागे वळून पाहिलं तर तोरण्यामागे सूर्य गेलेला होता.

आम्ही पेटी कडब्यावर ठेवली. म्हातारा गाडीखालून बाहेर आला, धोतर झटकलं, आभाळाकडे पाहिलं. अट त्यानंच घातली होती आणि शब्दाचा तो पक्का होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मोटार दारात आली न्हाई," तो म्हणाला. मामानं मान खाली घातली. मी म्हणालो, "न्हाई आली."

म्हातारा पेटीजवळ बसला. तिच्या त्या पुढच्या दांड्यावरून बोट फिरवलं, क्लचच्या खाचांकडे पाहिलं, परत दांड्याकडे पाहिलं. मग शेतातल्या एकाला हाक मारली. "लेका, गाडी जुप. पाव्हण्यास्नी नसरापूरला सोड आन् तसाच कामथडीला जा. त्यांस्नी म्हनावं उद्या यिऊ नका. उद्या मला येळ न्हाई. उद्या पेटी बसवायची हाय."

मामाला आधी समजलंच नाही. मला समजलं, पण विश्वास बसेना. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं, तो तर पुन्हा पेटीत डोकं घालून बसला होता.

ती गाडीतून उतरली, रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि जाताना माझ्यासमोर थांबली. त्या दिवसातलं तिचं माझ्याशी हे पहिलंच बोलणं. "येताना दुसरा पाना आना," ती म्हणाली. "ह्यो झिजलाय. आन् लवकर या. आबा पहाटंपासनं बसत्याल."

बैलगाडीतून परत जाताना मामा मांडीवर शेंदराचं गाठोडं सांभाळत बसला होता. मग एकदम आठवल्यासारखं दचकून म्हणाला, "आरं, आपून पोरगी बगायला आल्तो. नाव इचारलं न्हाई, चालून दाव म्हनलं न्हाई, काईच केलं न्हाई. भनीला काय सांगू? पोरगी पसंत हाय का न्हाई?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. गाडीच्या साट्यात उताणा पडून मी नसरापूर येईपर्यंत हसत राहिलो.